टर्की : पक्षी अमेरिकेतला, नाव तुर्कांचं, आणि तुर्कांच्या तोंडी मात्र तो ‘हिंदी’

२०२५च्या मे महिन्यात पुण्याच्या फळबाजारातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानातून येणाऱ्या सफरचंदांवर बहिष्कार घातला. त्या दिवसांत मराठी बातम्यांत एकाच देशाची चार नावं वाचायला मिळाली : तुर्कस्तान, तुर्की, टर्की आणि तुर्किये. २०२३च्या फेब्रुवारीत तिथे मोठा भूकंप झाला आणि भारतानं ‘ऑपरेशन दोस्त’ नावानं मदतपथकं पाठवली, तेव्हाही असंच झालं होतं. हे वेगवेगळे देश आहेत की एकच? नाव बदललं म्हणतात ते नेमकं काय बदललं? आणि इंटरनेटवर इंग्रजीत ‘टर्की’ शोधलं की मध्येच लोंबत्या लाल गळ्याचा तो मोठा पक्षी का येतो?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात केलेली बरी, कारण बाकीची उत्तरं त्याच्याच मागून येतात. आणि या गोष्टीत गोवा आहे, कोळिकोड आहे, मोगल दरबारही आहे. आपल्याला ती परकी वाटायचं कारण नाही.

पक्षी मुळात कुठला?

टर्की हा पक्षी उत्तर अमेरिका खंडातला. तो तुर्कस्तानातला नाही, युरोपातला नाही, भारतातलाही नाही. आज पाळला जातो तो टर्की मेक्सिकोतल्या लोकांनी माणसाळवला, तोही दोन हजार वर्षांपूर्वीच. मांसासाठी आणि पिसांसाठी ते त्याला पाळत. अ‍ॅझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत नराला ‘वेशोलोत्ल’ म्हणत. त्याचाच पुढे ‘ग्वाहोलोते’ झाला, आणि मेक्सिकोत आजही हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे.

१५१९ साली एर्नान कोर्तेसची स्पॅनिश फौज मेक्सिकोत उतरली. त्या काळात स्पॅनिश लोकांनी हा पक्षी जहाजातून मायदेशी नेला. पोसायला सोपा, मांस भरपूर, त्यामुळे काही दशकांतच तो युरोपभर पसरला. इंग्लंडमध्ये तो आणण्याचं श्रेय परंपरेनं विल्यम स्ट्रिकलंड नावाच्या माणसाला दिलं जातं. १५५० साली त्याला मिळालेल्या कुलचिन्हावर टर्कीचा नर आहे.

आता अडचण अशी की पक्षी आला, पण नाव घेऊन आला नाही. ‘वेशोलोत्ल’ युरोपात कोणाच्या जिभेवर बसणार? तेव्हा ज्यानं त्यानं आपापल्या समजुतीप्रमाणे नाव ठेवलं.

मग तुर्कांचा संबंध कुठे आला?

तुर्कांचा संबंध एका दुसऱ्याच पक्ष्यामुळे आला. गिनी फाउल हा आफ्रिकेतला पक्षी, राखाडी अंगावर पांढरे ठिपके असलेला. तो युरोपात आधीपासून माहीत होता, आणि तो ज्या वाटांनी येई त्यांतली एक ओटोमन साम्राज्यातून जाणारी होती. ओटोमन म्हणजे इस्तंबूलहून राज्य करणारं तुर्की घराणं. पूर्व भूमध्य समुद्रावरचा बराचसा व्यापार त्यांच्या बंदरांतून चाले. त्या मुलखाशी व्यापार करणाऱ्यांना इंग्लंडात ‘टर्की मर्चंट’ म्हणत, आणि त्या वाटेनं आलेल्या कोंबडीला ‘टर्की हेन’, कोंबड्याला ‘टर्की कॉक’.

अमेरिकेतला नवा पक्षी इंग्लंडात पोचला तेव्हा लोकांना तो याच जातीतला वाटला. मोठा, विचित्र, डोक्यावर पिसं नसलेला, परदेशी. काही काळ दोन्ही पक्ष्यांना एकच नाव चाललं. पुढे आफ्रिकेतल्या पक्ष्याला गिनी फाउल म्हणू लागले आणि ‘टर्की’ हे नाव अमेरिकेतल्या पक्ष्याकडेच राहिलं.

हा गोंधळ बाजारापुरताच राहिला नाही. १७५८ साली जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञानं टर्कीला शास्त्रीय नाव दिलं ‘मेलिअ‍ॅग्रिस गॅलोपाव्हो’. त्यातला मेलिअ‍ॅग्रिस हा ग्रीक शब्द गिनी फाउलचा आहे, आणि गॅलोपाव्होमध्ये लॅटिनमधले कोंबडा आणि मोर एकत्र आहेत. म्हणजे एका अमेरिकन पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आफ्रिकेतला एक पक्षी आणि आशियातला एक पक्षी कायमचे जाऊन बसले.

‘पण इतके व्यापारी होते, कोणालाच खरं ठाऊक नव्हतं?’

काहींना असेलही. पण नाव रुळतं ते बाजारात, आणि बाजारात वस्तू कुठे उगवली याला फारसं महत्त्व नसतं, ती कोणाकडून आली याला असतं. आपल्याकडची विलायती चिंच बघा. शेताच्या बांधावर काटेरी झाड, गुलाबी-पांढऱ्या गराच्या वळलेल्या शेंगा. ती विलायतेतली नाही आणि चिंचही नाही. तिचं मूळ मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात आहे. थोडक्यात, टर्कीचं आणि तिचं गाव एकच. समुद्रापलीकडून आलं ते ‘विलायती’ एवढाच त्या विशेषणाचा अर्थ. सोळाव्या शतकातल्या इंग्रजाच्या तोंडी ‘टर्की’ या शब्दाचं काम बरंचसं तेच होतं.

पुरावा हवा असेल तर मका घ्या. मकाही अमेरिकेतलाच. इटालियन भाषेत त्याला आजही ‘ग्रानोतुर्को’, म्हणजे तुर्की धान्य म्हणतात. तुर्कांनी मका शोधला नव्हता. नवं आणि परदेशी म्हटलं की त्या काळच्या युरोपीय माणसाला तुर्क आठवत, इतकाच त्याचा अर्थ.

तुर्क स्वतः त्याला काय म्हणतात?

‘हिंदी’. तुर्की भाषेत या पक्ष्याचं नाव अगदी हेच आहे. भारताला ते ‘हिंदिस्तान’ म्हणतात आणि पक्ष्याला ‘हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानातला. इस्तंबूलच्या एखाद्या खानावळीत पदार्थांच्या यादीत ‘हिंदी’ दिसलं तर ते टर्कीचं मांस असतं. आपल्या हिंदी भाषेला ते ‘हिंत्चे’ म्हणतात.

तुर्क यात एकटे नाहीत. फ्रेंचमध्ये टर्की म्हणजे ‘दँद’. तो मूळ ‘पूल दँद’, म्हणजे ‘भारताची कोंबडी’ या शब्दाचा आटलेला अवतार आहे. रशियन ‘इंदेइका’, पोलिश ‘इंदिक’, हिब्रूत ‘तर्नगोल होदू’ म्हणजे भारतीय कोंबडा. डच लोक तर थेट शहराचं नाव घेतात : ‘काल्कून’, म्हणजे कालिकतचा. डॅनिश, स्वीडिश, फिनिश भाषांतले शब्दही याच कुळातले. कालिकत म्हणजे केरळातलं आपलं कोळिकोड.

एकाही टर्कीचा जन्म तेव्हा कोळिकोडला झाला नव्हता. मग हे झालं कसं?

एक कारण कोलंबस. १४९२ साली तो अमेरिकेच्या बेटांवर पोचला आणि आपण आशियात, ‘इंडीज’मध्ये आलो असं समजला. स्पेनच्या सरकारी कागदांत अमेरिकेतल्या मुलखाला त्यानंतर शतकानुशतकं ‘इंदियास’च म्हटलं जात होतं. ‘वेस्ट इंडीज’ हे नाव तर आपण क्रिकेटमुळे रोज घेतो. तेव्हा सोळाव्या शतकातला फ्रेंच माणूस ‘भारताची कोंबडी’ म्हणत होता त्यात थोडं सत्यही होतं, फक्त भारत दुसरा होता.

दुसरं कारण १४९८ साली वास्को द गामा कोळिकोडजवळ उतरला हे. त्यानंतर युरोपच्या बंदरांत कालिकत हे नाव दूरदेशीच्या मालाचं नाव होऊन बसलं. कॅलिको कापडाच्या नावात तेच शहर आहे. एकीकडून दोन ‘इंडिया’ आणि दुसरीकडून कालिकतचा दबदबा, या दोन्हींच्या मध्ये पक्षी सापडला.

अरबीत आणखी वेगळं आहे. इजिप्तमध्ये टर्की म्हणजे ‘दीक रूमी’, रूमचा कोंबडा. रूम हे मूळ रोमचं नाव, पण अरबांच्या आणि फारसीच्या जुन्या वापरात रूम म्हणजे पूर्व रोमन, अर्थात बायझंटाइन साम्राज्याचा, आणि नंतर ओटोमनांचा मुलूख. सीरिया-लेबनॉनकडे त्याला हबशी, म्हणजे इथिओपियाचा म्हणतात. मलय भाषेत तो ‘आयाम बलांदा’, डच कोंबडी. स्पॅनिशांनी तर मोराचा ‘पावो’ हा शब्दच टर्कीला देऊन टाकला आणि खऱ्या मोराला ‘पावो रेआल’, म्हणजे राजेशाही पावो म्हणायची वेळ आणली.

या सगळ्या यादीतली मला लागून राहिलेली गोष्ट अशी : इंग्लंड, फ्रान्स, हॉलंड, इजिप्त, मलाया, प्रत्येकानं पक्षी कुठल्या तरी दूरच्या देशाच्या नावावर लावला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तो पाळून माणसाळवला त्या मेक्सिकोच्या लोकांचं नाव जगातल्या मोठ्या भाषांपैकी एकीनंही पक्ष्याला दिलं नाही. त्यांचा शब्द मेक्सिकोतच राहिला.

भारतात तो आला कधी, आणि कुठून?

‘भारतीय’ म्हणून जगभर ओळखला जाणारा हा पक्षी भारतात आला तेव्हा इथल्या बादशहाला त्याचं नाव माहीत नव्हतं. ही नोंद खुद्द जहांगीरची आहे.

जहांगीरनं मुकर्रब खान या आपल्या विश्वासातल्या सरदाराला गोव्याला पाठवलं होतं. पोर्तुगीजांकडे ज्या दुर्मीळ वस्तू मिळतील त्या, किंमत न बघता घेऊन ये, असा हुकूम होता. १६१२ साली खान परतला. त्यानं आणलेल्या अजब प्राण्यांत एक टर्की होता. जहांगीर लिहितो की हे प्राणी आपण याआधी कधी पाहिले नव्हते आणि त्यांचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग त्यानं जे वर्णन केलं आहे ते एखाद्या निसर्ग-अभ्यासकाला शोभेल असं आहे. लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान. माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवून नाचतो. चोच आणि पाय कोंबड्याचे. डोकं, मान आणि गळ्याखालचा भाग घडीघडीला रंग बदलतो : कधी पोवळ्यांनी मढवल्यासारखा लाल, जरा वेळानं तोच भाग कापसासारखा पांढरा, मध्येच फिरोजी. डोक्यावरून एक मांसल लोंब वीतभर खाली लोंबते, हत्तीच्या सोंडेसारखी. पक्ष्यानं ती आवरून घेतली की दोन बोटं उंचीची, गेंड्याच्या शिंगासारखी दिसते. ज्यांनी टर्कीचा नर जवळून पाहिला आहे त्यांना यातला शब्द न्‌ शब्द पटेल. लोंब खरोखरच लांब-आखूड होते आणि कातडीचा रंग रक्ताच्या चढउतारानं बदलतो.

आपल्या पणजोबांनी, बाबरानं, प्राण्यांची वर्णनं लिहिली पण चित्रं काढून घेतली नाहीत, हेही जहांगीर नोंदवतो, आणि चित्रकारांना हुकूम देतो. उस्ताद मन्सूरनं काढलेलं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मेक्सिकोतला पक्षी, पोर्तुगीजांचा गोवा, मोगल कुंचला, इंग्रजांचं संग्रहालय. टर्कीचा सगळा प्रवास त्या एका कागदावर आहे.

जहांगीरनं त्याला रंग बदलण्यावरून सरड्याची उपमा दिली. फारसीत आज टर्कीला ‘बूकलमून’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ रंग बदलणारा असाच आहे. कोणत्याही देशाच्या गळ्यात न अडकवता, पक्ष्याकडे बघून ठेवलेलं हे नाव मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं.

आणि आपला पेरू?

गोव्यात पोर्तुगीज टर्कीला ‘पेरू’ म्हणत. पोर्तुगालमध्ये आणि ब्राझीलमध्ये आजही म्हणतात. इंग्रजीत जशी पक्षी आणि देश यांची गल्लत टर्की या शब्दात आहे, तशीच पोर्तुगीजमध्ये ती पेरू या शब्दात आहे. पेरू देशातून हा पक्षी आला नव्हता. पण १५३२ साली पिझारो या स्पॅनिश सेनानीनं तिथल्या इंका सम्राटाला पकडल्यापासून त्या देशाच्या सोन्याचांदीची कीर्ती इतकी पसरली की स्पॅनिशांच्या ताब्यातली सगळी अमेरिका पोर्तुगीजांच्या बोलण्यात पेरूच झाली. जुन्या हिंदी-उर्दू कोशांतही ‘पेरू’ या शब्दाला टर्की पक्षी हा अर्थ दिलेला सापडतो. तो याच पोर्तुगीजांकडून आला.

मग मराठीत बाजारात मिळतो तो पेरू त्या देशावरून का? फळ अमेरिकेतलंच आणि पोर्तुगीजांनीच आणलेलं, त्यामुळे बरेच जण हो म्हणतात. पण त्याहून पटणारं मूळ दुसरं आहे. पोर्तुगीजमध्ये नासपतीला ‘पेरा’ म्हणतात. कोकणीत याच फळाला ‘पेर’, बंगालीत ‘पेयारा’, मल्याळममध्ये ‘पेरक्का’. यातल्या कशातच ‘पेरू’ देश दिसत नाही, नासपती मात्र सगळीकडे दिसते. हिंदीतला ‘अमरूद’ हाही फारसीत नासपतीचाच शब्द. नवं फळ पाहून गोव्यात पोर्तुगीजांना आणि उत्तरेत फारसी बोलणाऱ्यांना एकच ओळखीचं फळ आठवलं. तेव्हा मराठीत पेरू देश आणि पेरू फळ हे सारखे ऐकू येतात, एवढ्यावरून त्यांचं नातं लावू नये.

देशाचं नाव पक्ष्यावरून पडलं का?

नाही, उलट आहे. नाव लोकांवरून देशाला आणि देशावरून पक्ष्याला.

तुर्क हे मूळचे मध्य आशियातले. मंगोलियातल्या ओरखोन नदीच्या खोऱ्यात आठव्या शतकातले त्यांचे शिलालेख सापडले आहेत आणि त्यांत ‘तुर्क’ हे नाव आहे. १०७१ साली मांझिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी बायझंटाइन सम्राटाला हरवलं आणि अनातोलियाचं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागाचं दार त्यांना उघडलं. बाराव्या शतकापासून युरोपातले लोक त्या प्रदेशाला ‘तुर्किया’ म्हणू लागले. त्याआधी दहाव्या शतकात बायझंटाइन लेखक हेच नाव हंगेरीला लावत. नाव जिथल्या तिथे बसलेलं नव्हतं.

खुद्द ओटोमन सत्ताधीश आपल्या राज्याला या नावानं फारसं ओळखत नसत. दरबारी वर्तुळात ‘तुर्क’ म्हणजे अनातोलियाचा अडाणी खेडूत असाही अर्थ होता. २९ ऑक्टोबर १९२३ रोजी प्रजासत्ताक जाहीर झालं आणि मुस्तफा कमालच्या सरकारनं हाच शब्द अभिमानानं देशाच्या नावात घातला : ‘तुर्किये जुम्हुरियेती’. म्हणजे ‘तुर्किये’ हे नाव त्यांच्या भाषेत २०२२ साली आलेलं नाही. ते तिथे पहिल्या दिवसापासून आहे.

मग २०२२ साली काय बदललं?

बदललं ते इंग्रजीतलं आणि आंतरराष्ट्रीय व्यवहारातलं नाव. डिसेंबर २०२१मध्ये राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी परदेशी पत्रव्यवहारातही ‘तुर्किये’च वापरावं असं परिपत्रक काढलं. निर्यातीच्या मालावरही तेच छापायचं ठरलं. जून २०२२च्या सुरुवातीला परराष्ट्रमंत्र्यांचं पत्र संयुक्त राष्ट्रांकडे पोचलं आणि संयुक्त राष्ट्रांनी नवं नाव लगेच मान्य केलं. सीमा, राज्यघटना, पासपोर्टधारकांचं नागरिकत्व, यांतलं काही बदललं नाही. देशाचा दोन अक्षरी संकेतही ‘टीआर’च राहिला.

महाराष्ट्राला हे समजायला जड जाऊ नये. १९९५ साली बॉम्बेचं मुंबई झालं, ते इंग्रजीत. मराठी माणूस आधीपासून मुंबईच म्हणत होता.

‘एका पक्ष्याचा एवढा राग?’

पक्ष्याचं कारण सरकारी पत्रात पुढे केलेलं नाही, संस्कृती आणि वारसा नीट व्यक्त व्हावा असं म्हटलं होतं. पण तिथल्या सरकारी वाहिनीनं पक्ष्याचा आणि इंग्रजी शब्दकोशाचा उल्लेख उघड केला. अमेरिकन इंग्रजीत ‘टर्की’ म्हणजे साफ पडलेलं नाटक किंवा सिनेमा, आणि मूर्ख माणूसही. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला घरोघरी टर्की भाजला जातो, त्या आठवड्यात देशाचं नाव शोधणाऱ्याला पाककृती दिसतात. व्यसनमुक्तीच्या संदर्भात कानावर येणारं ‘कोल्ड टर्की’ म्हणजे व्यसन टप्प्याटप्प्यानं न सोडता एकदम बंद करणं. या अर्थांचा देशाशी काडीचा संबंध नाही, पण अक्षरं तीच.

पक्ष्याच्या बाजूनंही एक साक्ष आहे. बेंजामिन फ्रँकलिननं १७८४ साली मुलीला लिहिलेल्या पत्रात गरुडापेक्षा टर्की अधिक प्रतिष्ठित आणि अस्सल अमेरिकन पक्षी आहे असं म्हटलं होतं. पक्ष्यात हिणवण्यासारखं काही नाही. तरीही आठ कोटींहून जास्त लोकांच्या देशाला आपलं नाव आपल्या उच्चारात हवं असेल, तर ती मागणी मला रास्त वाटते. यामागे एर्दोआन यांचं देशांतर्गत राजकारण होतं, हा आक्षेप खोटा नाही. पण मागणी कोणी केली यावरून ती चूक ठरत नाही.

आपण मराठीत काय लिहावं?

मराठीला इंग्रजीची अडचण कधी नव्हतीच. आपल्याकडे देश तुर्कस्तान आणि पक्षी टर्की, दोन शब्द वेगळे. ‘तुर्क’ तर मराठीत फार जुना. एकनाथांच्या भारुडात हिंदूशी वाद घालणारा ‘तुर्क’ म्हणजे मुसलमान, कुठल्या देशाचा नागरिक नव्हे. सुलतानाला राज्यघटना पुन्हा लागू करायला लावणाऱ्या १९०८च्या ‘यंग टर्क्स’वरून ‘तरुण तुर्क’ आले, आणि काँग्रेसमध्ये चंद्रशेखर, मोहन धारिया यांना ती ओळख चिकटली. घराघरातला टर्किश टॉवेलही त्याच मुलखाचं नाव सांगतो, मग तो विणलेला सोलापूरचा का असेना.

‘तुर्कस्तान’मध्ये एकच खोट आहे. मध्य आशियातल्या मोठ्या प्रदेशालाही तुर्कस्तान म्हणतात, कझाकस्तानात त्या नावाचं शहर आहे, आणि तुर्कमेनिस्तान हा तर वेगळाच देश. इतिहासाच्या पुस्तकात त्यामुळे घोळ होतो. ‘तुर्की’ लिहावं तर ते भाषेचं नाव आणि विशेषण.

माझं मत असं : रोजच्या लिखाणात तुर्कस्तान चालू ठेवायला काही हरकत नाही, ते त्यांच्याच लोकांवरून पडलेलं, सन्मानाचं नाव आहे. बातमीत, करारात, नकाशावर ‘तुर्किये’ लिहावं. उच्चारताना ‘तु’ जरा ‘त्यु’कडे झुकतो : ओठ ‘उ’सारखे गोल ठेवून ‘इ’ म्हणायचा प्रयत्न केला की तो स्वर जवळपास जमतो. देशासाठी ‘टर्की’ मात्र मराठीत सोडून द्यावं. ते इंग्रजीतून उचललेलं आहे, आणि आता इंग्रजीतही त्या देशानं ते नाकारलं आहे. पक्ष्याला ते खुशाल राहू द्यावं. टर्कीपालन करणारे आपले शेतकरी त्याला दुसरं काही म्हणत नाहीत.